आधी सारांश पाठवा : ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ‘ताई’. ब्रिटनमधल्या क्राइम रायटर्स असोसिएशनच्या डेब्यू डॅगर या नवोदित रहस्यकथाकारांच्या पुरस्कारासाठी, ज्याला आता इमर्जिंग ऑथर डॅगर म्हणतात, इंग्रजीतून रहस्यकथा लिहिणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या प्रवेशिका तुम्ही एक पैसा न घेता ओळन् ओळ तपासता. त्याबद्दल मनापासून आभार. ते जाहीरपणे मानतोय, कारण तुमच्या सूचना आमच्यापुरत्या राहू नयेत.

या पुरस्कारासाठी कादंबरी पूर्ण असावी लागत नाही. डेब्यू डॅगरची मागणी होती सुरुवातीच्या जास्तीत जास्त ३००० शब्दांची आणि १५०० शब्दांपर्यंतच्या सारांशाची. लिहिणाऱ्याचा सगळा जीव त्या ३००० शब्दांत असतो आणि सारांश शेवटच्या रात्री उरकला जातो. तुम्ही उलट करता. आधी सारांश मागता, तो उभा राहिला तरच पुढची पानं उघडता.

सारांशाला मलपृष्ठावरचा मजकूर समजणं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. ‘आणि मग एक धक्कादायक सत्य समोर येतं’ या वाक्याखाली तुमची लाल रेघ ठरलेली : कोणतं सत्य? कुणाला कळलं? कशावरून? तिथे हवं असतं ते असं : ‘सिलिंडरच्या पावतीवर मृताची सही आहे, पण तारीख मृत्यूनंतरची. अक्षर मेहुण्याचं.’ परीक्षकाला धक्का बसायला नको असतो. शेवटपर्यंतची वाट लेखकाला ठाऊक आहे, एवढी खात्री हवी असते. म्हणून खुनी कोण, हेतू काय, दिशाभूल करणारे धागे कुठे पेरले आणि कुठे सोडवले, हे सगळं सारांशात नाव घेऊन यायला हवं. पात्रं मात्र पाच-सहाच. बाकीच्यांना ‘शेजारीण’, ‘हवालदार’ एवढं पुरतं.

सुरुवातीच्या पानांबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. खुन्याच्या मनातलं निनावी प्रास्ताविक काढून टाका, स्वप्नातून जागं होणं काढून टाका. आणि २७०० शब्दांवर थांबायला चांगली जागा असेल तर तिथेच थांबा. उरलेले ३०० भरायच्या नादात प्रसंग मधेच तुटतो.

कायद्याच्या बाबतीत तुम्ही कुणालाच सूट देत नाही, आणि ते योग्यच आहे. १ जुलै २०२४ नंतरच्या खुनावर ‘कलम ३०२’ लावलेलं चालत नाही. भारतीय न्याय संहितेत ते कलम १०३ झालं. खून त्याआधी झाला असेल तर मात्र ३०२च. जुन्या मुंबईतल्या कथानकात कोरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, हवाच, कारण ते पद १९९९पर्यंत होतं. आजच्या मुंबईत तो आणला की कथा पडली. शेवटच्या प्रकरणात इन्स्पेक्टरपुढे दिलेला कबुलीजबाब तर बहुतेक मसुद्यांत सापडतो. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. तिच्यातल्या ज्या माहितीवरून वस्तू सापडली, तेवढाच भाग ग्राह्य धरतात. म्हणजे कबुली नुसती वदवून चालणार नाही, विहिरीतून कोयता निघायला हवा, तोही पंचांसमोर. पंचनामा म्हणजे काय हे ब्रिटिश वाचकाला तळटीप देऊन सांगू नका, दोन पंच सह्या करताना दाखवा, ही तुमची सूचना आम्हाला सगळ्यांत जास्त उपयोगी पडली.

पाठवतानाच्या बारीकसारीक गोष्टीही तुमच्यामुळेच अंगवळणी पडल्या. लेखकाचं नाव पानावर नको, आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये आपोआप बसलेलंही पुसायचं. प्रवेश फी पौंडांत असते, त्यामुळे कार्डावर परदेशी व्यवहार आधीच सुरू करून ठेवायचा. नव्या कार्डांवर तो मुळात बंद असतो, आणि ऐन वेळी पैसे अडकतात. मुदत ब्रिटनच्या घड्याळाने; हिवाळ्यात आपण साडेपाच तास पुढे, पण त्या तासांच्या भरवशावर राहायचं नाही. आणि नियमावली दर वर्षी नव्याने वाचायची, विशेषतः स्वतः प्रकाशित केलेल्या पुस्तकाबद्दलचं कलम.

निकालानंतर हिरमुसलेल्यांना तुम्ही कॅनडाच्या रहस्यकथाकार लुईझ पेनींचं उदाहरण देता. २००४ साली त्या जिंकल्या नव्हत्या, पण अंतिम यादीत होत्या, आणि पुढच्याच वर्षी त्यांची पहिली कादंबरी आली. अंतिम यादीतलं लेखन साहित्यिक एजंटांच्या आणि संपादकांच्या नजरेस पडतं, म्हणून ती यादी गाठणं हेच मोठं काम. याउलट कॅनडाचेच लेखक ॲलन ब्रॅडली २००७ साली जिंकले तेव्हा हाती सुरुवातीची थोडी पानंच होती. पुस्तक त्यांनी नंतर लिहून काढलं. नावाची घोषणा झाल्यावर पूर्ण हस्तलिखित कुणीही मागू शकतं, तेव्हा प्रवेशिका पाठवली की दुसऱ्या दिवशी पुढचं प्रकरण लिहायला बसा, हा तुमचा आग्रह त्यासाठीच.

तुमच्या लाल खुणा असलेले सारांश आम्ही जपून ठेवलेत आणि नावं झाकून नव्या लेखकांना दाखवतो. तुमची हरकत असेल तर कळवा.

आपले कृतज्ञ,
तुमच्याकडून सारांश परत आलेले सगळे