सिस्टर, तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत

प्रिय सिस्टर,

मणक्याच्या दुखापतीनंतर पुनर्वसन विभागात मला खूप काही शिकवलं गेलं. व्हीलचेअरवरून पलंगावर कसं सरकायचं, कॅथेटर कसा घालायचा, बेडसोअर होऊ नये म्हणून अधूनमधून अंग कसं उचलायचं. लघवी-शौचाबद्दल तर उशाशी उभं राहून सगळे मोकळेपणानं बोलायचे. पण मी कुणाचा तरी नवरा आहे, माझ्या मनात अजूनही ओढ आहे, हे अपघातासोबतच संपलं असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही धरलं होतं.

एका संध्याकाळी तुम्ही पडदा ओढून घेतलात, स्टुलावर बसलात आणि म्हणालात, "या दुखापतीनंतर बऱ्याच जणांना शरीरसंबंधांबद्दल प्रश्न पडतात. तुम्हाला काही विचारायचंय?" मी मान फिरवून नाही म्हणालो. चार दिवसांनी तुम्ही पुन्हा विचारलंत. हे पत्र त्या दुसऱ्या वेळेसाठी आहे.

पुढे वाचनात आलं, की जॅक अ‍ॅनन या मानसशास्त्रज्ञानं 1976 मध्ये अशा संवादाच्या चार पायऱ्या मांडल्या आणि त्यातली पहिलीच 'परवानगी' आहे. माहिती आणि उपाय त्यानंतर. तुम्ही मला ती परवानगी दिलीत, म्हणून पुढचं सगळं ऐकू शकलो.

लिंगाला ताठरता दोन वाटांनी येते, हे तुम्ही कागदावर मणका काढून समजावलंत: एक मनातल्या विचारांतून, दुसरी स्पर्शानं. स्पर्शाची वाट मज्जारज्जूच्या अगदी खालच्या भागातून जाते. दुखापत त्याच्या वर असेल, तर ती पुष्कळदा शाबूत राहते. शिवाय जिथं संवेदना संपते त्या सीमेवरची त्वचा, मान, कान कित्येकांच्या बाबतीत जास्त जागे होतात. बाप होण्याचे मार्गही असतात. हे सांगताना तुमचा आवाज जराही खाली गेला नाही.

पण खरा फरक एका वाक्यानं पडला: "ही फक्त एक क्रिया नाही हो, तुम्ही कोण आहात त्याचाच हा भाग आहे." जागतिक आरोग्य संघटनाही लैंगिकतेत जवळीक, सुख, लैंगिक कल, लिंगभाव हे सगळं धरते आणि ती आयुष्यभर माणसासोबत असते असं म्हणते. मी मात्र स्वतःला पेशंट एवढ्याच नावानं ओळखू लागलो होतो. बायकोनं हात धरला, तरी ती नाडी बघतेय असं वाटायचं.

घरी आल्यावर तिला तो कागद दाखवला. ती बराच वेळ रडली. हेच प्रश्न तिच्याही मनात होते आणि मी दुखावेन म्हणून तिनं ते गिळले होते. त्या रात्री तिनं माझ्या मानेवर हात ठेवला आणि विचारलं, "इथं कळतंय?"

कळत होतं, सिस्टर.

तुमचा,
खिडकीजवळच्या खाटेवरचा पेशंट