काजळीतल्या दोन रेघा

डिचोली, रविवार

प्रिय मित्रा,

चवथ तोंडावर आली आणि माझं पत्र नाही. रागावला असशील तर हक्क आहे तुझा. आईचा गुडघा तसाच, माझं बीपी गोळीवर. पण काल वर्गात जे झालं ते तुझ्याखेरीज कुणाला सांगू?

हॉस्टेलातलं ते भांडण आठव. "स्वतः पाहिलं नाहीस ते फळ्यावर काढू नकोस," असं तू म्हणालास आणि आठ दिवस मी तुझ्याशेजारी जेवायला बसलो नाही. तुझंच खरं होतं रे. अठरा वर्षं मी दोन फटी नि त्यांतून गेलेल्या उजेडाचे काळे-उजळ पट्टे फळ्यावरच काढले.

गेल्या आठवड्यात बारावीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, उजेडात उजेड मिळवला तर काळोख कसा होईल?" मी सूत्र लिहिलं. ती गप्प बसली, पण पटलं नव्हतं. मग घरी समईच्या ज्योतीवर काच धरून काजळी चढवली, दाढीची दोन पाती एकावर एक दाबून पट्टीच्या कडेनं ओढली. तीन काचा वाया गेल्या. जाड काजळीचे पापुद्रेच निघतात. चौथीवर केसासारख्या दोन रेघा आल्या, मध्ये पात्याच्या जाडीएवढं, म्हणजे 0.1 मिलीमीटर अंतर.

काल पावसात लाईट गेली, बरंच झालं. म्हापशाच्या बाजारातला लाल लेझर बेंचाला चिकटवला. तीन मीटरवरच्या भिंतीवर पट्टे उमटले, दोन-दोन सेंटीमीटरवर. मी तिसरं पातं तिच्या हातात दिलं. तिनं श्वास रोखून ते एका रेघेवर सरकवलं. पट्टे गेले, आणि जिथं काळं होतं तिथं लाल उजेड पसरला! पातं मागं घेतलं की पुन्हा काळं. पाच-सहा वेळा केलं तिनं. वर्गात फक्त कौलांवरचा पाऊस ऐकू येत होता.

मग सीडीची चंदेरी पापुद्री चिकटपट्टीनं सोलून उरलेली पारदर्शक चकतीही लावली. एक मीटरवर पहिला ठिपका बाजूला 44 सेंटीमीटर. सीडीच्या रेघांतलं अंतर 1.6 मायक्रोमीटर धरून मुलांनी तरंगलांबी काढली, 650 नॅनोमीटरच्या आसपास. लेझरवर छापलेली तीच!

पण मला झोप लागली नाही ती तिच्या पुढच्या प्रश्नानं. काळ्या जागेतला उजेड कुठं गेला, याचं उत्तर देता आलं: उजळ पट्ट्याच्या मध्यावर एका फटीच्या दुप्पट नव्हे, चौपट उजेड असतो, एकूण हिशेब जुळतो. तर ती म्हणते, "पण दुसरी फट उघडी आहे हे उजेडाला कळतं कसं?" 'लाट आहे' म्हणून हात झटकू? 1909 साली टेलर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं अगदी मंद उजेडात, म्हणजे उजेडाचा कण जवळजवळ एकेकटाच जाईल अशा, सुईची सावली घेतली, फोटोच्या काचेवर जवळजवळ तीन महिने, तरी पट्टे आलेच. हे सांगितलं तर तिचा प्रश्न आणखी खोल जाईल. जाऊ द्यावा, असं मला वाटतं. पण परीक्षेच्या वर्षात पोरीला तिथं नेऊन सोडू का? आपले सर असते तर त्यांना विचारलं असतं.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? धाकट्याच्या ॲडमिशनचंही कळव. चवथीला येच. काच डब्यात जपून ठेवली आहे, तू आलास की अंगणातली लाईट घालवून लावू.

तुझाच