पालघरच्या जुलैसाठी आभार

ताई,

त्या दिवशी धांदलीत नीट आभार मानायचे राहिले. आज चारचौघांत मानते.

पाऊस_अकोला ते पाऊस_हिंगोली, महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचे ३६ डेटाफ्रेम, म्हणजे तक्ते, माझ्या आर या आकडेमोडीच्या संगणकभाषेत उघडे होते. २००१ ते २०२० चा रोजचा पाऊस. प्रत्येकात तारखेचा रकाना सुधारायचा आणि महिन्याची बेरीज काढायची. ज्यांना विचारलं त्यांनी "एवढं बेसिक येत नाही?" म्हणून वाटेला लावलं. एकाने लूप, म्हणजे तेच काम एकेका जिल्ह्यावर पुन्हा पुन्हा करणारा कोड, लिहून पाठवला, तो अडकला तेव्हा फोन उचलणंच बंद केलं. वेळ नसेल तर नाही म्हणावं, कुणाची हरकत नाही. पण विचारणाऱ्याला खजील करून काय मिळतं?

तुम्ही खुर्ची ओढून बसलात. त्या लूपमध्ये "पाऊस_"ला जिल्हा जोडून तक्त्याचं नाव तयार व्हायचं, पण आरच्या लेखी ती नुसती अक्षरं, तक्ता नव्हे; दारावरची पाटी हलवून घरातलं सामान हलत नाही. तुम्ही एमगेटने, म्हणजे नावांवरून खरे तक्ते गोळा करणाऱ्या फंक्शनने, सगळे जिल्हे एका लिस्टमध्ये आणायला लावलेत, अकोल्यावर माझं फंक्शन तपासून घेतलंत, मग लॅप्लायने ते लिस्टमधल्या प्रत्येक तक्त्यावर चालवलंत. एका ओळीत ३६ जिल्हे! मी ते पुन्हा सुटे करायला निघाले तर म्हणालात, "असू देत की लिस्टमध्येच."

काम झालं होतं. बॅग खांद्याला लावून तुम्ही उठलातही. जाता जाता स्क्रीनकडे पाहिलंत आणि थबकलात. "पालघरचा जुलै शून्य?" बॅग खाली ठेवून पुन्हा बसलात.

पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधीच्या नोंदी माझ्या फाइलमध्ये ठाण्यात, पालघरच्या तक्त्यात नुसतं एनए, म्हणजे 'नोंद नाही'. बेरीज करताना एनए वगळ म्हटलं, की अख्खा महिना रिकामा असला तरी आर बिनदिक्कत शून्य देतं. पालघरमधल्या जव्हार-मोखाड्याच्या जुलैला शून्य! तिथला पाऊस ज्याने पाहिलाय त्याच्या पोटात गोळा येईल. आधी माझी फाइल पाहणाऱ्या कुणीही पालघरपर्यंत स्क्रोल केलं नव्हतं.

तुमची बस चुकली असणार. तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. हुशार माणसं विभागात कमी नाहीत, पण दुसऱ्याचा आकडा आपला समजून त्यासाठी बॅग खाली ठेवणारं माणूस विरळा.

ते महिने प्रबंधात रिकामेच ठेवलेत, खाली कारणही दिलंय. ऋणनिर्देशात मार्गदर्शकांच्या लगेच खाली तुमचं नाव येणार आहे. नको म्हणू नका.

तुमची,
शेजारच्या विभागातली विद्यार्थिनी