सूचना : पाळीव कुत्रा आणि लहान मुले (जळगाव, कॉलनीतील सर्व सभासदांसाठी)

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले सकाळ-संध्याकाळ गल्लीतच असतात, आणि दिवसभर ओट्याजवळ साखळीला बांधलेला कुत्रा उन्हाने आधीच चिडलेला असतो. "आमचा कोणाला काही करत नाही" हे फक्त घरच्यांपुरते खरे.

कुत्रा चावलाच तर जखम आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा. हळद, मिरची, चुना, तेल काहीही लावू नका. घट्ट पट्टी नको, घाईने टाकेही नकोत. लगेच सरकारी रुग्णालय गाठा. रक्त आले असेल तर रेबीजच्या लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजच्या विषाणूशी लगेच लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यावे लागते. नुसत्या लशीवर थांबू नका. मुलांना चावा बहुधा तोंडा-डोक्याला बसतो, तिथून विषाणू मेंदूपर्यंत लवकर पोहोचतो. लशीचा एकही डोस चुकवू नका. कुत्र्याला हाकलून किंवा मारून टाकू नका. 10 दिवस बांधून लक्ष ठेवायचे असते.

मालकाने रेबीज लसीकरणाचे कार्ड त्याच दिवशी मुलाच्या पालकांना दाखवावे आणि उपचाराचा खर्च उचलावा. प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. भरपाईचा दावा वेगळा.

पट्टा गळ्याशी दोन बोटे जातील इतकाच सैल ठेवा, जास्त सैल असला की कुत्रा डोके काढून निसटतो. फाटकाची कडी आजच तपासा. फिरवायला लहान मुलाच्या हाती देऊ नका.