फॅमिली ट्री कोणी करायचा, नातवाने की सुनेने?

संपादक, नमस्कार.

नातवाच्या ज्युनिअर केजीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला, सोमवारी फॅमिली ट्री आणा, चार्ट पेपरवर, सगळ्यांचे पासपोर्ट साइझ फोटो लावून. साडेचार वर्षांचं पोर ते काय करणार, रात्री साडेदहाला सून थर्माकोल कापत बसलेली आणि नातू कधीचा झोपलेला. माझा फोटो आधार कार्डावरून काढला. सकाळी नातू विचारतो, ही कोण?

मी 27 वर्षं अंगणवाडीत काम केलं. दर महिन्याला पोरांना काट्याला टांगायचं, वजन घ्यायचं, वृद्धिपत्रकावर ठिपका द्यायचा. तो ठिपका आम्ही आयांना दाखवायचो, ज्याचं वजन त्याला कधी दाखवलाच नाही, हे आता लक्षात येतंय. या वयात पोरांना मागचं सगळं 'काल'च असतं, दिवाळी पण काल आणि त्याचा जन्म पण काल. त्याला पणजोबा शब्द सांगून काय कळणार, हाताला काहीतरी लागलं पाहिजे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी काढली तीही खडे, बिया, पानं असलंच आजूबाजूचं सामान घेऊन, चार्ट पेपर आणून नाही.

तर मी काय केलं, दवाखान्याच्या फाइलीत याची जन्माची लांबी होती, 49 सेंटिमीटर. तेवढी परकराची नाडी कापली, याला फरशीवर आडवं केलं आणि डोक्यापासून लावत गेले. एकदा लावली, कमरेच्या जरा खाली आली. दुसऱ्यांदा लावली तरी पावलं बाहेर उरली! चौथ्या वर्षापर्यंत मूल जन्माच्या साधारण दुप्पट होतं हे मला पाठ होतं, पण असं कधी बघितलं नव्हतं. तो नाडी पोटावर धरून अर्धा तास विचारत होता, मी एवढाच होतो? मग बाबा केवढा होता? तू केवढी होतीस? माझं कोणी मोजलंच नाही, घरी बाळंतपण, सुईण आलेली, मग ती गोष्ट निघाली.

नाशिकला तर अजून एक सोय आहे. रामकुंडावर नि त्र्यंबकला तीर्थपुरोहितांकडे नामावळ्या आहेत, कुठल्या गावचं कुठलं घराणं येऊन गेलं ते लिहिलेलं. आमचं मूळ गाव परभणीकडचं. गुरुजींनी चोपडी काढली, माझ्या आजेसासऱ्यांची सही निघाली, मोडी लिपीत, वाकडी. नातू बघून म्हणाला, यांना पण नीट लिहिता येत नव्हतं का. घरातलं एवढं जुनं माणूस त्याला एका मिनिटात आपलं वाटलं.

शाळांना एवढंच सांगणं की असा प्रोजेक्ट द्यायचा तर आठवडाभर वेळ द्या आणि घरातली एक जुनी वस्तू आणायला सांगा, अडकित्ता, तांब्या, काहीही, नि तिची गोष्ट पोरालाच सांगू द्या, चुकीची सांगेना का. आणि झाडावर आई-बाबांचे छापील चौकोन नकोत. माझ्या अंगणवाडीत एक पोरगी होती, तिला मावशीने वाढवलं, असले रिकामे चौकोन तिने कशाने भरायचे?

आमचा चार्ट शाळेतून परत आला, कपाटामागे आहे. नाडी मात्र त्याने दप्तरात घातलीय, टीचरला मोजायचंय म्हणे.

एक निवृत्त अंगणवाडी सेविका, सिडको, नाशिक