गॅस अजून चालू आहे, आणि तो हळूच बंद होणार आहे

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, तुम्ही रोज फोनवर एकच विचारता, "बाळाला लावलेला गॅस निघाला का?" आयसीयूच्या दाराशी उभं राहून दोन मिनिटांत ते सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

आधी आईची भीती. हा भुलेचा गॅस नाही. भूल देताना वापरतात तो नायट्रस ऑक्साइड, हा नायट्रिक ऑक्साइड. रक्तवाहिन्या सैल राहाव्यात म्हणून आपलं शरीरही तो किंचित बनवत असतं. हे शोधणाऱ्या तिघांना १९९८ साली नोबेल मिळालं.

बाळाच्या हृदयातलं छिद्र मोठं होतं. आठ महिने जास्तीचं रक्त जोराने फुप्फुसांत जात राहिलं आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना आवळून धरायची सवय लागली. छिद्र बुजवलं, तरी ती सवय एका दिवसात सुटत नाही. ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री सिस्टर नळीतला कफ ओढत होत्या. तेवढ्यात मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा झरझर खाली आला, ओठ जांभळे पडले. मी काचेबाहेर होते. डॉक्टरांनी व्हेंटिलेटरच्या नळीतून हा गॅस सुरू केला, २० पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग हवेत वीस भाग. एवढासा! काही मिनिटांत आकडा चढायला लागला. नखं गुलाबी झालेली मी डोळ्यांनी पाहिली.

रक्तवाहिन्या सैल करायचं औषध शिरेतून दिलं तर सगळ्या अंगाचं बीपी पडू शकतं. हा फुप्फुसातच काम करतो, रक्तात शिरला की हिमोग्लोबिन त्याला लगेच निकामी करतं. पण त्याने हिमोग्लोबिनही थोडं बिघडतं, म्हणून ठरावीक वेळाने रक्त तपासतात. त्या सुया बघवत नाहीत, पण त्या लागतात.

सरसकट प्रत्येक मुलाला मात्र देत नाहीत. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि नेदरलँड्समध्ये १,३७१ लहान मुलांवर अभ्यास झाला, २०२२ साली छापून आला. ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनमधूनच सरसकट हा गॅस देऊन व्हेंटिलेटर लवकर सुटला नाही. आपल्या बाळाला दिला, कारण तिच्या फुप्फुसातला दाब खरंच चढला होता.

आता तुमचा प्रश्न, बाबा. गावात रोज टँकर यायला लागला की विहिरीचा गाळ काढायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. शरीराचंही तसंच, बाहेरून मिळतंय म्हटल्यावर ते स्वतःचा गॅस बनवणं कमी करतं. एकदम तोडला तर दाब पुन्हा उसळतो. म्हणून २० वरून १०, मग ५, आणि तिथून एकेक करत खाली. सोबत सिल्डेनाफिल नावाचं औषध चालू आहे, गॅस सुटताना त्याचा आधार राहतो.

आई, तू स्वतःला दोष देतेस ते मला अजिबात पटत नाही. दूध पिताना लेकराच्या कपाळावर घाम येतो, हे सगळ्यात आधी तूच म्हणालीस. आम्ही सगळे उकाड्याचं म्हणत होतो. तू बोललीस म्हणून आम्ही तिला तपासायला नेलं.

आज दुपारी गॅसचा आकडा ३ वर आला. मी बोट दिलं तर तिने घट्ट धरलं. ती खोलीत आली की मऊ जुनं दुपटं लागेल, तुझ्या ट्रंकेतलं पाठव. उद्या सकाळी फोन करते.

तुमची,
ताई