‘दुर्मिळ शुभ्र ॲनिमोन’ आणि ४० लिटरच्या नॅनो टाकी संचाविषयी तक्रार

बडोदे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : रंग गेलेले, आजारी ॲनिमोन दुर्मिळ जात म्हणून विकल्याबद्दल व संचासोबतच्या चुकीच्या सूचनांबद्दल

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी ४० लिटरचा खाऱ्या पाण्याचा संच मागवला होता. काचेची टाकी, एलईडी दिवा, पंप आणि समुद्री मीठ आधी आले. नंतरच्या पार्सलमधून क्लाउनफिश या ॲनिमोनच्या आश्रयाने राहणाऱ्या छोट्या समुद्री माशांची जोडी आणि एक ‘दुर्मिळ शुभ्र बबल टिप ॲनिमोन’ (समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) आले. आपल्या माहितीपुस्तिकेत लिहिले होते तसेच सर्व काही केले, तरीही तिन्ही जीव दगावले. माझ्या ईमेलला आपल्याकडून ‘जिवंत मालावर हमी नसते आणि ॲनिमोन तसेही फार जगत नाहीत’ एवढेच उत्तर आले. ते मला मान्य नाही. हाच संच त्याच जाहिरातीसह आजही विकला जात असल्यामुळे माझे म्हणणे सविस्तर मांडत आहे.

सर्वांत गंभीर बाब त्या पांढऱ्या रंगाची आहे. बबल टिप ॲनिमोनच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा ॲनिमोनला देते. त्याचा तपकिरी रंगही मुख्यतः या शैवालामुळेच असतो. उष्णता, अंधार किंवा वाहतुकीतले हाल यांमुळे शैवाल शरीराबाहेर टाकले गेले की प्राणी पांढरा पडतो. तो लगेच मरत नाही, पण त्याची उपासमार सुरू झालेली असते. महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माझ्या आत्यांनी पार्सल उघडताच त्याचे पारदर्शक झालेले शुंडक (तोंडाभोवतीचे बोटांसारखे अवयव) आणि सैल, उघडे राहिलेले तोंड दाखवून हीच शंका व्यक्त केली. तेव्हाच काढलेली छायाचित्रे मी आपल्याला ठरलेल्या मुदतीत पाठवली होती. त्यावर ‘हा त्याचा नैसर्गिक रंग आहे’ असे लेखी उत्तर आले. याचा अर्थ, आजारी प्राणी आपण नेहमीच्या तपकिरी ॲनिमोनपेक्षा जास्त किमतीला विकला आणि तो आजार हेच त्याचे वैशिष्ट्य म्हणून जाहिरातीत मिरवले. यात अनवधान असेल तर ते तातडीने दुरुस्त व्हायला हवे. जाणूनबुजून केले असेल तर ती फसवणूक आहे.

पुस्तिकेत ‘टाकी भरल्यापासून सातव्या दिवशी ॲनिमोन सोडा’ असे छापले आहे. नव्या टाकीत जीवांच्या विष्ठेतून साचणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावायलाच साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि ॲनिमोनसाठी तर टाकी किमान सहा महिने जुनी असावी असे अनुभवी मंडळी सांगतात. टाकी लहान असली की धोका वाढतो. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते : ४० लिटरमधले एक लिटर पाणी उडाले तरी क्षारता (एक किलो पाण्यातले मीठ, ग्रॅममध्ये) ३५ वरून जवळजवळ ३६ वर जाते. रोज गोड्या पाण्याची भर घालावी लागते, याचा पुस्तिकेत उल्लेखही नाही. ती काळजी मी आत्यांच्या सांगण्यावरून घेतली. शिवाय ‘भारतीय हवामानासाठी खास, चिलरची गरज नाही’ (चिलर म्हणजे टाकीतले पाणी थंड ठेवणारे यंत्र) हे वाक्य आपण कोणत्या शहराकडे पाहून लिहिले? बडोद्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. खोलीतला एसी बंद झाला की टाकीतले पाणी ३१ अंशांवर पोहोचत असे, आणि या प्राण्याला २५ ते २७ अंशांच्या आसपासचे स्थिर तापमान मानवते.

प्रत्यक्ष मृत्यू मात्र पंपामुळे झाला. ॲनिमोन एका जागी रुजून राहत नाही. प्रकाश आणि प्रवाह सोयीचा नसेल तर ते तळव्यावर सरकत जागा बदलते, आणि अशक्त ॲनिमोन तर हमखास भटकते. म्हणूनच पंपाच्या तोंडावर स्पंज किंवा बारीक जाळी असणे अत्यावश्यक आहे. आपल्या पंपाच्या फटी बोट जाईल इतक्या रुंद आहेत आणि संचात जाळी दिलेली नाही. रात्रीतून ॲनिमोन त्यात ओढले जाऊन त्याचे तुकडे झाले, एवढ्याशा पाण्यात अमोनिया चढला आणि दुपारपर्यंत दोन्ही मासेही गेले. अगदी किरकोळ किमतीच्या स्पंजने हे टळले असते, याचे मला अतिशय दुःख आहे.

‘ॲनिमोनशिवाय क्लाउनफिश जगू शकत नाही’ हे जाहिरातीतले विधानही काढून टाकावे. टाकीत हे मासे ॲनिमोनशिवाय व्यवस्थित जगतात. त्या विधानावर विसंबून तयारी नसलेली माणसे ॲनिमोन विकत घेतात.

आता ‘ॲनिमोन फार जगत नाहीत’ याविषयी. स्कॉटिश निसर्गअभ्यासक सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेले एक ॲनिमोन एडिनबर्गमध्ये काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत जगले. ती जात थंड पाण्यातली, बबल टिपहून वेगळी होती. पण पाणी नेमाने बदलणारी माणसे लाभल्यावर ते जवळजवळ साठ वर्षे जगले, आणि तेही आपल्या संचाहून कितीतरी लहान भांड्यात. आपल्याकडच्या ॲनिमोनचे आयुष्य कमी पडते ते कशामुळे, याचा शोध कृपया आपल्याच गोदामात आणि वाहतुकीत घ्यावा.

माझी मागणी अशी की संच, मासे आणि ॲनिमोन यांची संपूर्ण रक्कम परत मिळावी. पांढऱ्या ॲनिमोनची विक्री ताबडतोब थांबवून शिल्लक असलेल्यांना योग्य प्रकाश व अन्न देऊन सावरू द्यावे. आणि हा संच घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला पंपाची जाळी व सुधारित पुस्तिका विनामूल्य पाठवावी. मला पाठवलेले ॲनिमोन टाकीत विभाजनाने वाढवलेले होते की समुद्रातून काढलेले, आणि काढलेले असल्यास कुठून, हेही लेखी कळवावे. जामनगरजवळच्या नरारा येथे ओहोटीच्या वेळी खडकांतली समुद्रफुले मी पाहिली आहेत. अशा एखाद्या जागेवरून उचललेला जीव माझ्या घरी येऊन मेला का, हे जाणून घेण्याचा मला हक्क आहे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मी वडोदरा येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. पावती, छायाचित्रे, आपले लेखी उत्तर, पुस्तिकेची प्रत आणि पाण्याच्या तपासणीच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. पंप जपून ठेवला आहे. आपला प्रतिनिधी येऊन तो पाहू शकतो.

कळावे,

आपली ग्राहक,
दांडिया बाजार, बडोदे